जीव घाबरते म्हणजे भीती नव्हे

वणीच्या डॉक्टरबाईंनी ईसीजीची पट्टी टेबलावर पसरली. म्हणाल्या, "अटॅक येऊन गेलाय, बहुतेक कालच. काल कुठं होतात?"

काल आम्ही दवाखान्यातच होतो.

आमच्या गावच्या दवाखान्यात. त्याला जागा गावानं दिली, पाया गावानं खणला. माझ्या मायनं नव्या नवरीच्या वयात तिथं टोपल्यानं गिट्टी वाहिली. पुढं तो सरकारनं ताब्यात घेतला. आज भिंतीवर सेवांची यादी आहे: प्रसूती, एक्स-रे, ईसीजी. रंग ताजा आहे. तेवढाच.

तिथं माय म्हणाली, "साहेब, माहा जीव लय घाबरून राह्यला."

आमच्याकडं जीव घाबरते म्हणजे छाती भरून येते, दम लागते, मळमळते. सगळ्या वऱ्हाडाला कळते. बाहेरून आलेल्या तरुण डॉक्टरांना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. "कशाला घाबरता मावशी? घरी काही टेन्शन?" केसपेपरवर लिहिलं अँक्झायटी, म्हणजे मनाची धास्ती. झोपेची गोळी दिली. ईसीजीचं मशीन तीन पावलांवर, त्यावर सलाईनची खोकी रचलेली. मी विचारलं, तर चालवणारा सुटीवर. नर्सबाई इथल्याच. त्यांना शब्द कळला होता, तरी त्या गप्प. मला किळस आली ती त्या गप्प बसण्याची.

दुसऱ्या दिवशी मायला उंबरठा ओलांडता येईना, म्हणून जीप करून वणी गाठली. तिथून यवतमाळ. आजाराचं नाव मायोकार्डियल इन्फार्क्शन: हृदयाची रक्तनळी तुंबते, रक्त न मिळालेला हृदयाचा भाग मरतो. अँजिओप्लास्टी केली, म्हणजे फुग्यानं नळी उघडून आत जाळी बसवली. चार दिवस मी आयसीयूबाहेरच्या बाकावर. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "माणूस वाचला. मेलेला भाग परत येत नाही. एक दिवस आधी आणायला हवं होतं."

तुमच्या घरी कोणी म्हटलं जीव घाबरते, तर ईसीजी निघेपर्यंत जागचे हलू नका. भांडा.

सुटी झाल्यावर माय म्हणे, आधी गावच्या त्या डॉक्टरले भेटू. मी नाही म्हटलं. "काहून? सांगतल्याबिगर त्याले कसं समजन? उद्या दुसरी बाई येईन ना." ती गेली, खुर्चीत बसून त्यांना शब्दाचा अर्थ समजावला. ते उभे राहून ऐकत होते. त्यांनी माफी मागितली.

मायनं माफी दिली. मी लेखी तक्रार दिली, पोच घेऊन.