बोडीवरची वाघीण

आंबागडच्या ग्रुपवर वाघ आला की त्याच्या मागोमाग रुपा यायची. वाघाचा फोटो कोणी टाकला की ही त्याचं मूळगाव काढणार. हा तिकडं मध्य प्रदेशातला, हा जुना, हा तर कॉम्प्युटरनं काढलेला, पाय मोजून घ्या. खाली कोणीतरी हसतं तोंड टाकायचं, आणि पुढचा वाघ यायचा.

तुमसरात एका झेरॉक्सच्या दुकानात ती कामाला होती. बी.ए. झालेली, अंगानं काटक, जिभेनं तिखट. सकाळच्या एसटीनं जायची, दिवे लागायच्या आत परतायची, आणि मधे गिऱ्हाईक नसलं की हे वाघ तपासायची.

"तुले काय मिळते व याच्यातून?" ग्रुपचा मालक कैलाश तिला विचारायचा. हा तिच्या आत्याचा पोरगा. पोलीस भरतीची तयारी करतो म्हणायचा, पण धावताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं. "लोकं मजेनं पाहून रायले, तू मधातच माती कालवते."

"त्या मजेपायी मागच्या साली बायांनी मोहफुलं वेचणं सोडलं. उन्हाळाभर."

"सोडलं त सोडलं. मेलं का कोणी?"

रुपाला चीड यायची ती याच्यावर. खोट्यावर तेवढी नाही. खोटं तर आज्याच्या काळातही चालायचं. पण गावचा हातपंप बिघडला तेव्हा कैलाशच्या टोळीनं त्याच्यावर रडक्या गाण्याची रील केली, ती जिल्हाभर फिरली, लोकांनी तुटकी काळजं टाकली, आणि पंपावाल्याला फोन करायला एकाचंही बोट वळलं नाही. रुपाला वाटायचं, आपल्या वयाच्या पोरापोरींना सगळं दिसतं, सगळं माहीत असतं, आणि अंगाला काहीच लागत नाही. बदकाच्या पाठीवरून पाणी जावं तसं जातं. तिनंच शेवटी फोन केला. पंप सुरू झाला. त्याची रील कोणी केली नाही.

धानकापणी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. टेकडीच्या अंगाला वाघानं एक गोऱ्हा मारला, आणि 'धडाडी न्यूज' नावाच्या मोबाइल चॅनलवर त्याचा नरभक्षक झाला. माणूस कोणता खाल्ला हे कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दुकानात रुपाचा फोन वाजला. आई होती, पुष्पाबाई.

"पोरी, लवकर ये. वाघ नाल्यात बसला हाये अना तुहा बाप खळ्यावर हाये."

"बाबाले फोन लाव न!"

"फोन घरीच ठेवून गेला. अना फोन नेला असता त आयकू आला असता का?"

तुलारामची उमर राईस मिलमध्ये पोती वाहण्यात गेली होती. मशीनच्या आवाजानं कान गेले. कानाला तोंड लावून ओरडावं तेव्हा कुठं "हाव" म्हणायचा, तेही कळलं म्हणून नाही, पोरीला बरं वाटावं म्हणून.

रुपा ऑटोनं आली तर रस्त्यावर जत्रा. मोटारसायकली, दोन जीपगाड्या, एक समोसेवाला. नाला सपाट बांध्यांमधून, धानाच्या शेतांमधून जातो, त्याच्या काठाला बेशरमाची दाट झाडी, आणि वाघ त्या झाडीत. नाल्याच्या एका अंगाला तलावाची पार, मातीचा भराव, माणूसभर उंच, आणि पारीपलीकडं लगेच जंगल. दुसऱ्या अंगाला तुलारामचं खळं. कापलेल्या धानाचं पुंजणं तिथं घरासारखं उभं होतं आणि त्याच्या आडोशाला तुलाराम पाय पसरून झोपला होता. रस्त्यावरून त्याचे फक्त दोन तळवे दिसत होते.

पार माणसांनी भरून गेली होती. पारीवर सकाळच्या दवात जनावराची पावलं उमटतात, ही त्याची जायची-यायची वाट आहे, हे आंबागडात शेंबड्या पोरालाही माहीत. पण जागा उंच होती, वाघ वर येणार नाही असं वाटत होतं, आणि तिथून फोटो चांगला निघत होता. म्हणून वाघाच्या वाटेवरच सारा गाव उभा होता.

वनखात्याचे दोघं जण हातात काठी घेऊन ओरडून ओरडून घसा बसवून बसले होते. रुपा त्यातल्या वयस्क गार्डाजवळ गेली.

"साहेब, माहा बाप हाये तथी. मी जाऊन उठवतो."

"तू गेली त एकाचे दोन होतीन. तो घाबरला हाये बाई, वाघ. त्याले पार मोकळी पायजे. पार नाही भेटली त तो खळ्याकडं निंगन."

"मंग पार खाली करा न."

"सकाळपासून तेच करून रायलो. आमची गाडी निंगाली हाये, येतपर्यंत..."

रुपा पारीवर चढली. कैलाश सगळ्यांत पुढं, हात लांब करून लाइव्ह करत होता.

"कैलाश, मामा हाये तुहा तथी. पुंजण्याच्या मांगं. खाली उतरव सगळ्यायले."

कैलाशनं पाहिलं. त्याचा चेहरा जरा उतरलाही. "हाव न व... पण मी एकटा उतरून काय होते? सगळे उतरले त उतरतो." आणि त्याची नजर परत पडद्यावर गेली. "थांब, हजाराच्या वर लोकं पाहून रायले."

जरा पलीकडं केशवराव गुरुजी होते. शाळेतून निवृत्त झालेले, गावात त्यांच्यापुढं कोणी बिडी पेटवत नाही. ते घरून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर उभे होते.

"गुरुजी, तुमचं आयकतीन लोकं. सांगा न."

"आजकालचे पोट्टे कोणाचं आयकतेत व?" गुरुजी मोबाइल दोन्ही हातांनी धरून म्हणाले. "काही पडलंच नाही यायले कशाचं. जरा बाजूले हो, मधात येऊन रायली."

तेवढ्यात धडाडी न्यूजचा राजकुमार माइक घेऊन बोलू लागला, "प्रेक्षकहो, मृत्यू आपल्यापासून अवघ्या काही पावलांवर दबा धरून बसला आहे!" आणि मृत्यू काही केल्या बाहेर निघेना म्हणून त्याच्या मागच्या एका पोट्ट्यानं झाडीत गोटा भिरकावला. मग दुसऱ्यानं. बेशरम हललं. आतून खर्जातली गुरगुर आली. लोक मागं सरले, हसले, आणि परत पुढं आले. झाडी हलली होती ती खळ्याच्या अंगाला.

रुपाच्या मोबाइलमध्ये वाघांचे फोटो साठवलेले होते. सगळे खोटे, पुरावा म्हणून ठेवलेले. त्यातला एक तिनं काढला. वाघीण पाणी पितेय, बाजूला दोन पिल्लं. कुठल्या तरी दूरच्या जंगलातला. मागं पाणी आणि गवत, कुठलंही गाव म्हणून खपलं असतं. गावाच्या अगदी त्या टोकाला शाळेमागं बोडी आहे, गुरं पाणी पितात ते लहान तळं. एकही अक्षर न चुकवता तिनं फोटोखाली लिहिलं आणि ग्रुपवर टाकलं.

'शाळेमागची बोडी. आत्ता. वाघीण अन् दोन पिल्लं. कोणाले सांगू नका, गर्दी होईल.'

क्षणभर काहीच झालं नाही. मग पारीवर एकामागून एक मोबाइल वाजले.

"अबे, बोडीवर पिल्लं हायेत!"

"फेकून रायला असंन कोणी."

"रुपानं टाकलं बे! रुपा खोटं टाकते का?"

रुपानं ते ऐकलं. तिला कळलंच नव्हतं की हे हसतं तोंड टाकणारे इतकी वर्षं तिचं वाचत होते, आणि मानतही होते.

राजकुमार सगळ्यांत आधी पळाला. त्याच्या मागं कैलाश, कैलाशच्या मागं टोळी. केशवराव गुरुजी खुर्ची उचलून निघाले. समोसेवाल्यानं कढई तशीच गाडीवर चढवली. रुपालाही गार्डानं दंडाला धरून खाली ओढलं, आणि पार रिकामी झाली. एक चप्पल तेवढी राहिली वर.

सगळं गप्प झालं. ऊन अंगावर आलं म्हणून असेल, पण पुंजण्यामागं तुलाराम उठला. आळस दिला. झाडीकडं पाठ केली, धोतर सावरलं आणि निवांत लघवीला उभा राहिला.

वाघ बाहेर आला. लोकांनी सांगितला त्याच्या अर्ध्याएवढा, फासळ्या दिसणारा, कोवळा. त्यानं तुलारामच्या पाठीकडं पाहिलं. गार्डानं रुपाच्या तोंडावर हात दाबला. त्या हाताला तंबाखूचा वास होता. वाघानं पारीकडं पाहिलं, परत तुलारामकडं. मग अंग खाली घेऊन दोन उड्यांत पार चढला आणि पलीकडं गेला.

तुलारामनं धोतर नीट केलं, वळला, आणि लेकीला पळत येताना पाहून म्हणाला, "काय झालं व? मी झोपलो तवा पारीवर एवढे लोकं होते, कुठी गेले?"

रुपा त्याच्या गळ्यात पडून रडली नाही. खाली बसली आणि ओकली.

बोडीवर काही नव्हतं. पण इतके लोक इतक्या तातडीनं धावले म्हटल्यावर काही नसणं शोभलं नसतं. कैलाशला शेपटी दिसली. केशवराव गुरुजींनी गुरगुर ऐकली. संध्याकाळी धडाडी न्यूजवर रुपानं टाकलेलाच फोटो झळकला. 'आंबागडात वाघिणीचं बस्तान, दोन बछड्यांमुळं आणखी हिंस्र'.

रुपानं ग्रुपवर लिहिलं की फोटो खोटा आहे, मीच टाकला, बाबासाठी टाकला. हसती तोंडं आली. दुसऱ्या दिवशी राजकुमार तिची मुलाखत घ्यायला आला तेव्हा तिनं कॅमेऱ्यापुढं सगळं सांगितलं. त्यानं मधेच कॅमेरा खाली केला.

"ताई, वाघीण नाहीच, हे कोण पाहील? तुम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हा कसं वाटलं, एवढंच सांगा न."

बोडीला लागून कुंताबाईची बांधी. नवरा नाही, पोरगा पुण्याला. धान पिकून उभं होतं, लोंब्या गळायला लागल्या होत्या, आणि कापणीच्या बाया त्या अंगाला पाऊल टाकायला तयार नव्हत्या. रुपानं दुकानातून सुट्टी घेतली, इळा घेतला आणि कुंताबाईच्या दारात गेली.

"काकू, चाला. मी कापतो तुमच्यासंगं. तथी काही नाही हाये."

"काही नाही कसं? माह्या डोळ्यानं मोबाइलमधी पाह्यली."

"तो फोटो मीच टाकला, काकू. खोटा होता."

कुंताबाईनं तिच्याकडं टक लावून पाहिलं. "तूच टाकला म्हून त पटलं मले. कैलाशनं टाकला असता त मी ढुंकून पाह्यलं नसतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आतं मले सांग पोरी, तुहं त्या दिवशीचं खरं धरू का आजचं?"

रुपा इळा घेऊन वळली. ती एकटीच बांधीत उतरली. जरा वेळानं मागून तुलाराम आला, पण त्याच्या हातात इळा नव्हता, काठी होती. तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा राहिला, बोडीकडं तोंड करून.

रुपा उठून त्याच्याजवळ गेली, कानाला तोंड लावून ओरडली, "बाबा! वाघीण नाही हाये तथी! मीच फेकलं होतं!"

"हाव, हाव," तुलाराम म्हणाला. "तू काप. मी हाओ इथी."

दूर रस्त्यावर कुंताबाई येऊन थांबली होती, बांधीत उतरत नव्हती. रुपानं मूठभर धान धरलं आणि इळा ओढला.