आबांचा तोल

माझ्या वडिलांना, आबांना, कंपवात झाल्याचं कळलं तेव्हा ते हिर्डोशीला एकटेच राहत होते. जन्मभर गुरांमागे डोंगर चढलेला माणूस, पण त्या वर्षी गोठ्याच्या दारात दोनदा पडले. दुसऱ्या खेपेला मनगट मोडलं. गुरं चुलतभावाकडे सोपवून मी त्यांना भोरला माझ्या घरी आणलं.

इथं ते खुर्चीतून उठेनात. आजार वाढला असं मी धरून चालले होते. एका सकाळी चहा देताना विचारलं, तर म्हणाले, "पाय चालत्यात अजून, पोरी. पर पडायचं भ्या वाटतंय, म्हून म्या उठत न्हाई."

डॉक्टरांनी औषधं तीच ठेवली आणि फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी 'ताई ची' नावाचा संथ चिनी व्यायाम शिकवायला घेतला. गुडघे जरासे वाकवून अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश न्यायचा, हातही तसेच संथ फिरवायचे. यानं कंप जाणार नाही, हे बाईंनी आधीच सांगितलं. मात्र तोल सावरायला आणि पायांना बळ यायला मदत होईल, म्हणाल्या.

आबांना शेजाऱ्यांची लाज वाटायची, म्हणून आम्ही दार लोटून करायचो. पहिले कित्येक दिवस त्यांनी खुर्चीची पाठ सोडली नाही. मी मागे उभी राहून तेच करायची. माझी आखडलेली मान कधी मोकळी झाली, ते मलाही कळलं नाही.

तीन-चार महिन्यांनी एकदा मी शाळेत शिकवून घरी आले तर खुर्ची रिकामी. धावत जिन्याशी गेले. आबा खाली भाजीवालीशी बोलत उभे होते, कठडा धरून एकटेच उतरले होते. मला रागवायचं होतं, पण मी खाली जाऊन त्यांच्या शेजारी भाजी निवडू लागले.

दिवाळीत एसटीनं हिर्डोशीला गेलो. थांब्यापासून चुलतभावाच्या गोठ्यापर्यंत ते काठी टेकत, थांबत थांबत गेले. माझा हात त्यांनी धरला नाही. म्हाताऱ्या गाईच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

पुढं दोन वर्षं ते पडले नाहीत. मग आजारानं गाठलंच, आणि शेवटचे महिने अंथरुणात गेले. मी त्यांच्या खाटेशेजारी व्यायाम करायची आणि ते पडल्या पडल्या बघायचे. बोलणंही अस्पष्ट झालं होतं तेव्हा. एकदा खूप प्रयासानं म्हणाले, "घाई करतीस. उजव्या पायावर भार अजून आला न्हाई तुजा."

मी थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून केलं.