ल्युबिंकोचं दुसरं डुक्कर

येल्काबद्दल वाईट बोलायला काही सापडत नसे, हीच ग्रादिमिर डॉक्टरांची मोठी अडचण होती. ती वेळेवर यायची, कमी बोलायची, म्हाताऱ्यांचे बूट स्वतः वाकून काढायची. सावा नदीकाठच्या त्या गावातल्या दवाखान्यात समोरासमोर दोन खोल्या होत्या. एकीत एकतीस वर्षं ग्रादिमिर, दुसरीत दोन वर्षांपासून येल्का. आपला डॉक्टर कोण, हे गावकऱ्यानं फॉर्मवर सही करून ठरवायचं. दर महिन्याला चारदोन फायली ग्रादिमिरांच्या कपाटातून निघून तिच्या कपाटात जात. नर्स त्या नेताना चोरासारखी भिंतीच्या कडेनं चालायची. फायली गेल्याचं दुःख होतंच, पण त्या चालण्याचा त्यांना जास्त राग यायचा.

त्या हिवाळ्यात तर कहरच झाला. थंडीत घरोघर डुकरं कापायची, सॉसेजं धुरात टांगायची, आणि ल्युबिंकोच्या घरचं पहिलं सॉसेज ग्रादिमिरांकडे यायचं, हे इतकी वर्षं चाललेलं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ल्युबिंकोची बायको स्मिल्या झाकलेलं ताट घेऊन येताना दिसली, तेव्हा त्यांनी टेबलावरचे कागद सारून जागाही करून ठेवली. ताट समोरच्या खोलीत गेलं.

परत जाताना स्मिल्या दारात थबकली. "नव्या डॉक्टरीणबाईंनाही चव कळू दे म्हटलं. तुम्ही तर खाऊन खाऊन कंटाळला असाल."

"कंटाळतोय कसला," ते म्हणाले, पण ती गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी खुद्द ल्युबिंको आला. टोपी भुवयांच्या खालपर्यंत ओढलेली.

"तिकडे नाही गेलास?" ग्रादिमिरांना राहवलं नाही.

"ती पोरगी सगळं लिहून काढते हो. तुम्ही कसे, आपले."

त्या 'आपले'नं डॉक्टरांना इतकं बरं वाटलं की टोपी काढायला सांगायचं भानच राहिलं नाही. मग त्यानंच काढली. पापण्या टम्म फुगलेल्या, अंगात ताप, पोटऱ्यांत ठणका.

"सॉसेजं करताना खिमा कच्चा चाखलास?"

"मीठ बघायला नको? माझा बापही चाखायचा."

"गुरांच्या डॉक्टरकडे मांसाचा तुकडा तपासायला दिला होतास ना?"

"दिला की. स्वच्छ निघाला."

"एक तुकडा? डुकरं तर दोन कापलीस."

"भाऊ-भाऊ होते ते, डॉक्टर. एका कुंपणात वाढले, एका घमेल्यात जेवले. एक चांगला निघाल्यावर दुसऱ्याचा अपमान कशाला करायचा?"

डॉक्टरांना हसू आलं नाही. मांसातल्या बारीक किड्यांचा आजार हा; नुसत्या धुरानं ते मरत नाहीत. नुसता संशय आला तरी डॉक्टरनं लगेच जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाला कळवायचं, असा कायदा. कळवलं की माणसं येणार आणि धुरात टांगलेलं सगळं पोत्यांत भरून नेणार.

ल्युबिंकोलाही ते ठाऊक होतं. "शनिवारी पोरीचं लग्न आहे," तो हळूच म्हणाला. "मधमाशी चावली म्हणून लिहा."

"फेब्रुवारीत?"

"मग तुम्हीच सुचवा काहीतरी, एवढे शिकलात! इतकं करा, डॉक्टर. स्मिल्याचं, पोरांचं, माझ्या भावाचं, सगळ्यांचे फॉर्म परत तुमच्याकडे आणतो."

त्याला तपासणीसाठी रक्त द्यायला नर्सकडे पाठवून ग्रादिमिर एकटेच बसले. लग्नातल्या पाहुण्यांच्या पानात काय पडणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण त्याच्या जोडीनं परत येणाऱ्या सहा-सात फायलीही दिसत होत्या. नर्स त्या कॉरिडॉरच्या मधोमध चालत आणतेय, हेसुद्धा.

तेवढ्यात लसणाचा आणि धुराचा वास आला. ते उठून समोरच्या दारात गेले. येल्का पाव कापत होती. शेजारी सॉसेजच्या चकत्या मांडलेल्या.

"या ना, सर. तुमच्यासाठी अर्धं वेगळं ठेवलंय."

हिचेही डोळे पंधरा दिवसांनी असेच सुजले, तर महिनाभर सगळं गाव आपल्याच खोलीत येईल. हा विचार आपल्या डोक्यात आला, याचीच त्यांना शिसारी आली. तिनं चकती उचलली होती.

"ठेव ती खाली," ते जवळजवळ ओरडले. "कालपासून यातलं काही खाल्लंस का?"

"नाही. का?"

त्यांनी सांगितलं. येल्कानं चकती ताटात ठेवली आणि हात धुतले. "मी कळवते, सर. माझ्या नावानं जाऊ दे. ताट माझ्याकडेही आलंय. तुमची निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, लोकांनी मला शिव्या दिल्या तर चालेल."

ती मनापासून बोलत होती. तेच त्यांना सहन झालं नाही.

"हाही चांगुलपणा तूच घेणार?" ते म्हणाले. "पेशंट माझा आहे. सही माझी होईल."

त्यांनी जिल्ह्याला फोन केला, स्वतःचं नाव दोनदा नीट सांगितलं आणि फॉर्म भरला. दुपारी गाडी आली. ल्युबिंकोच्या धुराच्या खोलीत एक दोरीसुद्धा शिल्लक राहिली नाही. गुरांच्या डॉक्टरनं उरलेलं मांस तपासलं, तेव्हा दुसऱ्या डुकरात किडे सापडले. लग्नात कोंबडीवर भागवावं लागलं.

सोमवारी ल्युबिंको गोळ्यांसाठी आला. बसला नाही.

"जेवणाबरोबर घे," ग्रादिमिर म्हणाले. "तेलकट जेवणाबरोबर, म्हणजे नीट लागू पडतील."

"तेलकट? माझ्या घरात तेलकट काय ठेवलंत तुम्ही?" त्यानं हात पुढे केला. "आणि तो फॉर्म द्या. डॉक्टर बदलायचा."

ग्रादिमिरांनी खणातून फॉर्म काढला. सही कुठे करायची, तिथे पेन्सिलनं खूण केली, कारण ल्युबिंकोला अजून धड दिसत नव्हतं. तो समोरच्या खोलीत गेला आणि दार लागलं.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. येल्कानं त्याला तब्बल वीस मिनिटं ठेवून घेतलं. त्यांनी त्याला कधीही दहाच्या वर बसवलं नव्हतं. ती हृदयाचे ठोकेही तपासत असणार, या आजारात ते पाहावेच लागतात. ते आपण पाहिले नव्हते, हे त्यांच्या लक्षात आलं आणि आजही तिच्याबद्दल वाईट बोलायला काही सापडलं नाही.