मास्तरचा इशारा

शिरपूर जैन गावचा गफ्फार मास्तर तसा विसराळू माणूस. बाजारात पिशवी विसरायचा आणि पिशवी आणायला घरी आला की बाजार विसरायचा. पण बाबूलालने केलेला अपमान मात्र तो रोज सकाळी चहाबरोबर ताजा करून घ्यायचा.

बाबूलाल बँडचा मालक. ड्रेस, गाडी आणि लग्नाची सुपारी, एवढंच त्याला कळायचं. सूर कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं त्या बँडला शिकवलं ते गफ्फारने. वरातीच्या गोंगाटात तोंडाने सांगितलेलं कोण ऐकणार? म्हणून त्याने इशारे बसवले होते. क्लॅरनेटचं तोंड आभाळाकडे गेलं की सगळ्यांनी वाजवणं एकदम तोडायचं. खाली झुकलं की पुन्हा उचलायचं, आणि मास्तर वाजवेल तेच धरायचं. माणसं झोपेतही हे इशारे चुकली नसती.

साठीच्या आसपास मास्तरचे पुढचे दात गेले. एका वरातीत सूर चिरकला. झालं एवढंच. बाबूलालने त्याच्या हातातली क्लॅरनेट हिसकली आणि माइकवर ओरडला, "मास्तरच्या तोंडात दात नाही राह्यले! आता याले पिपानी द्या!" वऱ्हाडी पोट धरून हसले. त्यांच्यात गफ्फारच्या लेकीचा, नाजिशचा सासराही होता, आणि तोही हसला. एकटा ताशावाला देवमन हसला नाही. त्याने गळ्यातला ताशा बाबूलालच्या पायाशी ठेवला आणि मास्तरच्या मागे चालू लागला.

घरी दोन दिवस मास्तर भिंतीकडे तोंड करून बसला. तिसऱ्या दिवशी बायको मेहरबी कडाडली, "दातओठ खाऊन राह्यले, पन दात तरी आहेत का तुमाले? वाशीमले जा, कवळी बसवा, अन् त्याच्या छाताडावर वाजवा!"

कवळीने फुंकायला शिकण्यात चार महिने गेले. तोवर देवमनने आठ माणसं जमवली. कुणी रंगकाम करणारा, कुणी पानटपरीवाला. बँडचं नाव ठेवलं 'न्यू भाईचारा ब्रास बँड'. नावात भाईचारा, आणि मास्तरच्या पोटात नुसता सूड.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत भाईचारा पहिल्यांदा वाजला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. देवमनच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर मात्र तोंड पाडूनच होता, कारण ऐकायला बाबूलाल नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरने सरावात एक विचित्र अट घातली. "माह्याकडे कोनी पाहाचं नाही. देवमनच्या डाव्या पायाकडे पाहा. त्याचा पाय थांबला तरच थांबा." मग वाजवता वाजवता तो मधेच क्लॅरनेट तोंडातून काढून आभाळाकडे करायचा. कुणी बिचकून थांबलं की त्याचा शंभर पिढ्यांसकट उद्धार व्हायचा.

देवमनच्या ध्यानात आलं. त्याने मास्तरला बाजूला घेतलं. "मास्तर, हे लोकं वाजवाले आले, तुमचा सूड घ्याले नाही."

"मले समजते."

"अन् भर चौकात आपलेच थांबले त? दुनिया दुसऱ्यांदा हसन तुमाले."

"म्हनून त तुहा पाय पाहाले सांगतो. मी वाजवनं सोडल्यावर तुलेच सगळं वढून न्या लागते."

देवमनने ताशाचा पट्टा गळ्यात अडकवला. "ताशा त्याच्या पायाशी मीबी ठेवला होता," तो म्हणाला. "वढतो मी."

मे महिन्यात रिठद गावात एकाच मुहूर्तावर दोन लग्नं आली. दोन्ही नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाले. एकापुढे भाईचारा, दुसऱ्यापुढे बाबूलालचा बँड. पारासमोर दोन्ही आमनेसामने ठाकले. अशा वेळी ज्याचं वाजणं तुटलं त्याने बाजूला व्हायचं आणि दुसऱ्याच्या नवरदेवाला आधी जाऊ द्यायचं, ही जुनी रीत. मागे हटेल कोण?

असा गदारोळ उडाला की स्वतःचंच वाजवलेलं कुणाला ऐकू येईना. बाबूलालचा नवा मास्तर, त्याचा भाचा उत्कर्ष, मागे गाड्यावर मान खाली घालून कीबोर्ड बडवत होता. त्याच्या माणसांनी इशाऱ्यासाठी नजर वर केली. समोर गफ्फार उभा होता, बावीस वर्षं उभा असायचा तसाच.

गफ्फारने क्लॅरनेट तोंडातून काढली. आपले थांबले तर गाव सोडावं लागेल, एवढंच मनात आलं. त्याने क्लॅरनेटचं तोंड आभाळाकडे केलं.

बाबूलालचा अख्खा बँड एका क्षणात तुटला. ढोल, ट्रम्पेट, झांजा, सगळं ठप्प. एकटा कीबोर्ड केविलवाणा किरकिरत राहिला. इकडे देवमनचा डावा पाय धुळीत तालावर आपटत होता आणि भाईचाऱ्याची आठही माणसं मास्तरविना दणदणून वाजवत होती.

गर्दी हसली. या वेळी ती बाबूलालला हसली, आणि गफ्फारला ते हसू साखरेसारखं गोड लागलं. कुणी काहीही म्हणो, लागलं. बाबूलाल आपल्या माणसांना शिव्या घालत पुढे धावला. तेवढ्याने मास्तरचं पोट भरलं असतं तर गोष्ट वेगळी. त्याने क्लॅरनेट ओठांना लावली आणि तिचं तोंड हळूच खाली झुकवलं.

बाबूलालचा बँड वाजू लागला. गफ्फारची चाल, गफ्फारच्या तालात, भाईचाऱ्याच्या जोडीने. बाबूलालने ढोलवाल्या रवीची बाही धरून ओढली, "बंद कर! पगार कोन देते तुले?"

रवीने मास्तरवरची नजर न हलवता बाही सोडवून घेतली.

"थांबा ना, मालक. मास्तर इशारा देऊन राह्यले."