शहाताचा गुरुवार

आमच्या रशीद गावात, नदी समुद्राला मिळायच्या थोडं अलीकडं, संशोधन संस्थेची पिवळी इमारत आहे. तिथल्या व्याख्यानाच्या हॉलची किल्ली शहाताच्या कमरेला असते. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्याचं नाव शहाता, म्हणजे भिकारी, ठेवलं. नजर लागू नये म्हणून. तो मात्र जगला, आणि चांगला दणकट जगला. आता गुडघे गेलेत, तेवढंच.

हॉल झाडायचा, माईक लावायचा, पाहुण्यासाठी पाण्याचा ग्लास झाकून ठेवायचा, ही त्याची नोकरी. हॉल माणसांनी भरायचा, हे काम त्याला कुणी दिलेलं नाही. ते लोढणं त्यानं स्वतः गळ्यात बांधून घेतलं. कसं, ते मी पाहिलंय, कारण तेव्हा मी तिथं फरशी पुसायला होते.

खार्तूमहून एक गृहस्थ नदीच्या गाळावर बोलायला आले होते. वार मंगळवार, वेळ भर दुपारची. आमच्या शास्त्रज्ञांचं सगळं लक्ष त्या वेळी संस्थेच्या बसकडं असतं. ती चुकली की घरी जायचे वांधे, आणि घरी गेल्यावर कुणाच्या शिकवण्या, कुणाचं दुसरं काम. नुसत्या पगारात कुणाचं भागतंय? तर हॉलमध्ये तिघं बसलेले, त्यातला एक घोरत होता. पाहुण्यानं चष्मा पुसला, रिकाम्या खुर्च्यांकडं बघितलं, "काही हरकत नाही," असं स्वतःशीच म्हणाला, आणि बिचारा शेवटपर्यंत बोलला.

शहाता त्या दिवशी जेवला नाही. त्याची बायको नबविया मला सांगत होती, "ताटावरनं उठला गं. म्हणतो, पाहुणा दारातनं आत आला आणि आपण सगळे मागच्या दारानं पळालो."

पुढच्या मंगळवारी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "नाजीची आई, बादली ठेव आणि आत बस."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला कोण सांगतंय? बस म्हणतोय."

त्या दिवशी मी, माळी, दोन पहारेकरी आणि शेजारी होड्या बांधणारे सुतार असे आम्ही बसलो. पाहुणा खुशीत गेला. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. मी नोकरीतून सुटले, पण खुर्चीतून सुटले नाही.

सोमवारी संध्याकाळी तो आमच्या गल्लीत शिरला की बायका आधीच हसायला लागायच्या.

"आला बघा. काय रे शहाता, उद्या काय आहे?"

"शिंपले."

"मागच्या वेळी पण शिंपलेच होते की!"

"ते खाऱ्या पाण्यातले. हे गोड्या."

"मला मुलुखियाच्या भाजीची पानं खुडायची आहेत बाबा."

"तिथं येऊन खूड. खुर्ची मऊ आहे, पंखा आहे, वर चहा आणि बिस्किट. घरी कोण विचारतंय तुला?"

हे मात्र खरं होतं. घरी कुणी विचारत नव्हतं.

त्याचे नियम होते. खारवलेल्या बिया दातानं फोडत बसायचं नाही. चित्रं दाखवायला अंधार केला की उठून चालायला लागायचं नाही. तोंड उघडं टाकून झोपायचं नाही, झोपायचंच तर मान खाली घालून, म्हणजे विचार करतोय असं वाटतं. आणि शेवटी "कुणाला काही विचारायचंय का?" असं म्हटलं की कुणी हात वर करायचा नाही. हा शेवटचा नियम मासेवाल्या जिनेदीनं एकदा मोडला. खेकड्यांवर तासभर ऐकून हा उठला आणि म्हणाला, "साहेब, सगळं पटलं, पण तुम्ही एकदाही त्याच्या चवीबद्दल बोलला नाहीत." शहाताचा चेहरा पांढरा पडला. पाहुणा मात्र इतका हसला, की जाताना जिनेदीच्या गळ्यात पडून गेला.

अशी वर्षं गेली. हॉल भरलेला दिसायचा. इनआमबाई म्हणजे व्याख्यानांचा सगळा कार्यक्रम ठरवणाऱ्या डॉक्टरीणबाई. मनानं चांगल्या, पण कायम घाईत. हॉलमध्ये एकदा डोकावायच्या, डोकीच डोकी बघून खूश व्हायच्या आणि पळायच्या. कैरोला जाऊन सांगायच्या, "आमच्याकडं शास्त्र ऐकायला गावातली साधी माणसं येतात." खोटं नव्हतं त्यांचं. साधी तर आम्ही होतोच.

आणि इकडं शहाता थकत चालला होता. गल्ली तीच, पण त्याला ती चढ लागल्यासारखी वाटायची. दार वाजवायचा आणि भिंतीला टेकून उभा राहायचा. लोकही थकले होते. कुणी आजारी, कुणी देवाघरी, नवीन पोरं तर येतच नाहीत. एका माणसाला तयार करायला आधी दोन वाक्यं पुरायची, आता आख्खी संध्याकाळ जायची.

नबवियाची नजरही गेली होती. पुरी नाही. उजेड कळतो, माणूस हललं तर कळतं. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन दमनहूरला. नबविया दिवसभर एकटी खाटेवर. म्हणून गुरुवार त्या दोघांचा होता. गुरुवारी संस्था लवकर बंद व्हायची, आणि शहाता तिचा हात धरून नदीकाठी न्यायचा. बाकावर बसायची दोघं. तिरमिस, म्हणजे भिजवून खारवलेले कडधान्याचे दाणे, घ्यायचा, साल काढून एकेक दाणा तिच्या हातावर ठेवायचा. कुठली होडी आली, कुणाची, जाळ्यात काय दिसतंय, हे तो सांगायचा आणि ती भांडायची, "निळी नसेल ती, आवाज हिरव्या होडीचा आहे." अख्खा आठवडा ती त्या एका संध्याकाळच्या जोरावर काढायची.

मग नव्या हंगामाचा कागद आला, येणाऱ्या व्याख्यानांचा. इनआमबाईंनी तो शहाताच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "काका, खुशखबर! इतकी गर्दी होते, म्हणून वरून मंजुरी मिळाली. आता मंगळवार आणि गुरुवार, दोन्ही दिवस. गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे लोकांना निवांत ऐकता येईल."

तो कागद त्यानं फळ्यावर लावला नाही. घडी करून खिशात घातला आणि आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"खरं सांगून टाक," मी म्हटलं. "बाई, ही गर्दी नाही, ही माझी गल्ली आहे, असं सांग. ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर गुरुवार कशाला ठेवतील?"

"इतकी वर्षं फसवलं म्हणतील."

"म्हणू देत. नबवियाला काय सांगणार आहेस?"

त्यानं खिशातला कागद काढला आणि परत आत घातला.

दुसऱ्या दिवशी तो गेला आणि बाईंसमोर सगळं ओकला. त्या हसायला लागल्या. "काका, तुम्ही दमलाय. म्हणून असं वाटतंय तुम्हाला. तुम्ही बोलावता हो, पण लोक येतात ते त्यांना आवडतं म्हणून."

"बाई, ते चहासाठी येतात. पंख्यासाठी येतात. खरं म्हणजे मी हात जोडतो म्हणून येतात."

"एवढ्या वर्षांत एकदा तरी हॉल रिकामा होता का?"

"बरं. मग या मंगळवारी मी कुणालाच बोलावत नाही. तुम्ही स्वतः या आणि बघा. रिकामा दिसला तर गुरुवार रद्द करायचा."

"कबूल," बाई म्हणाल्या.

शहातानं गल्लीत निरोप दिला, उद्या कुणी यायचं नाही. कितीतरी दिवसांनी मोकळा मंगळवार आला होता. मी चुलीवर भात टाकला आणि काय करावं सुचेना म्हणून डबे पुसत बसले.

तिकडं काय झालं ते शहातानंच मला सांगितलं. हॉल उघडून, ग्लास ठेवून तो दाराशी उभा होता. बोलायला येणारी मुलगी नग्ला, दूर नदीच्या वरच्या अंगाच्या मुलुखातली, किना शहराकडची. आयुष्यातलं पहिलं व्याख्यान. आगगाडीनं आली होती आणि सोबत बाप होता, अबुल वफा. धुवट पायघोळ झगा, हातात टोपली. टोपलीत त्यांच्याकडची उन्हात फुगवलेली भाकरी, संस्थेतल्या लोकांना द्यायला.

मुलगी आपली चित्रं पडद्यावर नीट दिसतात का ते बघत होती. बापानं हॉलभर नजर फिरवली. सगळ्या खुर्च्या मोकळ्या. तो हळूच चालत गेला आणि अगदी शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात जाऊन बसला.

शहाता म्हणाला, "बाबा, पुढं बसा की."

"नको नको. पुढं शिकलेली माणसं बसतील. मी इथं बरा. पोरीला माझ्यामुळं कमीपणा नको."

मग त्यानं टोपलीवरचं फडकं सारखं केलं आणि दाराकडं बघत बसला, आता येतील म्हणून.

शहाता मला म्हणाला, "नाजीची आई, तो जर पुढं बसला असता ना, तर मी हललो नसतो."

मला दिसलं ते इतकंच, की भर उन्हात शहाता गल्लीत धावत शिरला. धावत म्हणजे एक पाय ओढत. दम लागून शब्द फुटेना.

"ऊठ. ऊठ, चल."

"अरे पण तूच म्हणालास ना..."

"मी काय म्हणालो ते राहू दे गं बाई! चप्पल घाल."

जिनेदीनं माशांवर ओलं पोतं टाकलं आणि बाजारभर ओरडत सुटला. सुतार भुशासकट आले. मशिदीबाहेर सावलीला पडलेले दोन म्हातारे उठवून आणले, त्यांना कुठं चाललोय हेही कुणी सांगितलं नाही. माझ्या अंगाला भाताच्या वाफेचा वास आणि हातात डबे पुसायचं फडकं तसंच. व्याख्यान आमच्याकडं वेळेवर सुरू होत नाही, ते त्या दिवशी कामाला आलं. नग्लानं पहिलं वाक्य उच्चारलं तेव्हा हॉल भरला होता, आणि आम्ही सगळे धापा टाकत होतो.

पोरगी बोलली छान. काय बोलली म्हणाल तर नदीकाठच्या चिखलातल्या किड्यांबद्दल. आधी आवाज कापत होता, मग समोर इतकी माणसं मान हलवताना बघून सुटला. मागं तिचा बाप ताठ बसला होता. त्याच्या शेजारची खुर्ची मी धरली होती. तो मला कुजबुजून म्हणाला, "सगळं गाव आलंय हो." मी म्हटलं, "आमच्याकडं असंच असतं."

तेवढ्यात इनआमबाई आल्या. दारात थांबल्या. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत बघितलं आणि मग शहाताकडं बघून, लहान पोराला दम देतात तसं बोट हलवलं.

टाळ्या झाल्या, चहा झाला, भाकरीचे तुकडे हातोहात फिरले. बाई त्याच्याजवळ आल्या. "काय हो काका? कुणी येणार नाही म्हणालात ना?"

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण अबुल वफानं शहाताचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले होते. "देव तुमचं भलं करो," तो म्हणत होता. "माझ्या पोरीला ऐकायला एवढी माणसं स्वतःहून आली. मी गावाकडं जाऊन सांगणार." नग्ला शेजारी उभी, डोळे भरलेले.

शहातानं बापाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, मग बाईंना म्हणाला, "चुकलो बाई. थकवा असतो, दुसरं काय."

"मी म्हटलंच होतं," बाई म्हणाल्या, आणि पळाल्या.

वाटेत मी त्याला फैलावर घेतलं. "उद्या जाऊन परत सांग."

"आता कोण ऐकणार? डोळ्यांनी बघितलंय त्यांनी."

"मग गुरुवारी तरी तो हॉल रिकामा राहू दे."

"राहू दे," तो म्हणाला. थोडं चालल्यावर थांबला, गुडघा दाबला. "गुरुवारी कोण आहे माहितीये? ट्युनिशियाचे एक म्हातारे. काठी घेऊन येणार आहेत म्हणे."

मी माझी चाल हळू केली.

पहिल्या गुरुवारी नबवियाच हट्टानं हॉलमध्ये आली. म्हणाली, "अंधार केला काय, न केला काय, मला सारखंच. एक खुर्ची तरी भरते तुझी." शहातानं तिला पंख्याखाली बसवलं. ती झोपली, घोरली, आणि पाहुणे बिचारे आवाज चढवत राहिले. पुढच्या गुरुवारी नाही म्हणाली. पाठ धरते म्हणे खुर्चीत, आणि पाहुण्यांचं ते कालवांबद्दलचं बोलणं ऐकून तिला मळमळतं.

आता तिला नदीकाठी मी नेते. तिरमिस सोलून देते. होड्यांचे रंग मी चुकीचे सांगते असं तिचं म्हणणं आहे, शहाता नीट सांगायचा. थोडा वेळ भांडते, मग तोंड संस्थेच्या दिशेला करते.

"गर्दी आहे का गं आज?" विचारते.

आमच्या बाकावरून संस्था दिसत नाही. मधे बर्फाचा कारखाना येतो.

"आहे," मी म्हणते. "उभं राहायला जागा नाही."

"मग त्याला उशीर होईल," ती म्हणते, आणि दाण्यासाठी हात पुढं करते.