साडी खोचली नाही

आमच्याकडे, गोरेगावच्या बाजूला, धानाची रोवणी गुत्त्याने होते. बायांची टोळी अख्खं शेत अंगावर घेते आणि मजुरी सारखी वाटून घेते. त्यामुळे एकीचा हात मंदावला की बाकीच्यांना डाचतं. सत्तरीला टेकल्यावर माझ्या मायची ओळ मागे पडू लागली. टोळीवालीने तिच्यासमोरच मला सांगितलं, "उद्यापासून बुढीला आणू नको." मी त्याच टोळीत होते. मी नुसती मान डोलावली.

घरी माय एवढंच म्हणाली, "तू काऊन चूप राहिली?"

मी तिच्यावरच खेकसले, "आता आराम करायचं वय आहे तुझं!" आराम म्हणे! दोघींच्या मजुरीवर जेमतेम चूल पेटायची. त्या वाक्याची मला अजून चीड येते.

यंदा माझाच गुडघा सुजला. गुडघ्याला बांधलेला पट्टा दिसू नये म्हणून बाकीच्यांसारखी साडी वर खोचली नाही, चिखलात भिजू दिली. शेजारची नवी सून सारखी माझ्या ओळीकडे पाहत होती. "माझ्याकडे काय पाहून राहिली? हात चालव," मी तिला झापलं.

संध्याकाळी मायने माझ्या साडीचा चिखलाने भरलेला काठ पाहिला.

"गुडघा गेला काय?" ती म्हणाली. "कोणाला सांगू नको."