पोलिक्सेनीबाईंचा शुक्रवार

आमच्या शाळेच्या पोलिक्सेनीबाईंना काळजी करायला कारण लागत नसे. पाऊस आला तर मुलं घसरतील, नाही आला तर टाकी आटेल. पण त्या वर्षीची काळजी खरी होती. खालच्या गावाची शाळा सरकारने बंद केली आणि तिथली चार-पाच मुलं आमच्या डोंगरावरच्या शाळेत आली. आमच्या कार्ट्यांनी त्यांना बाकावर जागाच दिली नाही. आमच्या गावातल्या सोतिरियाची मुलगी तर शेजारी दप्तर ठेवून जागा अडवायची. नव्यांपैकी लाम्ब्रिनी वर्गात चकार शब्द काढत नव्हती. नाताळपर्यंत ती रमली नाही, तर तिची आई तिला दूर शहरात मावशीकडे ठेवणार होती.

बाईंनी शक्कल काढली. दर शुक्रवारी एकाने आपली आवड वर्गाला दाखवायची. कुणी मासे धरायचे गळ आणले, कुणी शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा. लाम्ब्रिनीची पाळी होती त्या सकाळी बाई माझ्या कॉफीच्या दुकानात आल्या आणि भरला कप तसाच ठेवून उठल्या.

"आज बोलली नाही, तर पोर हातची गेली, अर्गिरिसकाका."

"बोलेल हो. किती जिवाला लावून घेता!" मी म्हटलं खरं, पण धाकधूक मलाही होतीच.

तासाभराने शाळेच्या खिडकीतून मयताचं गाणं ऐकू आलं. प्रेतापाशी बसून आमच्या बायका म्हणतात ते. एरवी घरात नुसतं गुणगुणलं तरी पोरींना चापट बसते. चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्या थोमासने ते ऐकून मयताची घंटा सुरू केली. बायका काळे रुमाल बांधत, आपापल्या पोरांना हाका मारत चढ चढू लागल्या. मीही धावलो, माझी नात त्याच वर्गात होती.

वर्गात सगळी पोरं धडधाकट! फळ्यापाशी लाम्ब्रिनी डोळे मिटून गात होती.

सोतिरिया म्हणजे आमच्या गावची तोफ. अपशकुन टळावा म्हणून ती आधी तीनदा थुंकली. "मयत नसताना रडगाणं? कुणाच्या पोराला खायचंय गं तुला? आणि बाई, तुम्ही ऐकत बसलात?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "तिला हेच आवडतं हो... आत्याकडून शिकलीय."

"मयत आहे," लाम्ब्रिनी म्हणाली.

सोतिरियाचा आवाज एकदम खाली आला. "कोण गेलं?"

"आमची शाळा. कुलूप लावलं नि निघून गेले. कुणी रडलंच नाही."

ग्रीसमधल्या आमच्या एपिरस भागात हे गाणं एकटीने म्हणायचं नसतं. एकीने ओळ सोडली की दुसरीने उचलायची. लाम्ब्रिनी पुन्हा गाऊ लागली. ओळ संपली आणि कुणीच उचलली नाही. बाईंना गाता येत नव्हतं. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. पोरीने दारातल्या बायकांकडे पाहिलं. मला ते बघवेना.

तेवढ्यात सोतिरिया आपल्या मुलीकडे वळली.

"ते दप्तर उचल आधी. गाऊन दमली की ती बसेल कुठे?"

आणि तिने ओळ उचलली.